शोकेसमधली इंजिने

"माझ्याकडे सात इंजिने आहेत," असे मी महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत कुणाला सांगितले, की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी आदर, मग शंका आणि शेवटी कीव अशा तीन छटा क्रमाने उमटतात. "रेल्वेत होता का हो तुम्ही?" असे एका पाहुण्या काकूंनी मला विचारलेही होते. त्यांचा मुलगा शेजारीच उभा होता. तो म्हणाला, "आई, खेळण्यातली असतील." त्या 'खेळण्यातली' शब्दाने माझ्या तोंडातल्या मोदकाची चव गेली. माझी सातही इंजिने बुटांच्या दोन खोक्यांत मावतात, हे कबूल. पण त्यांतले एकेक इंजिन मिनिटाला वीस-बावीस हजार फेऱ्या घेते. तुमची मोटार सहा-सात हजारांवर गेली की काटा तांबड्या पट्ट्यात शिरतो आणि तुमच्याही पोटात गोळा येतो.

ही इंजिने कसली, ते सांगितल्याशिवाय पुढचे भांडण समजायचे नाही. लाकडाची लहान विमाने करून उडवण्याचा नाद मला कॉलेजात एन.सी.सी.च्या एअर विंगने लावला. ओहायोत नोकरीसाठी आलो तेव्हा सामानात लोणच्याची बरणी आणि हा नाद अशा दोनच गोष्टी धड पोहोचल्या. बरणी वर्षभरात संपली. नाद अजून चालू आहे.

आता जेट विमानाचे मॉडेल करायचे म्हटले, की एक पंचाईत असते. खऱ्या जेटच्या नाकावर पंखा नसतो. मॉडेलला तो लावला तर विमान उडते, नाही असे नाही. पण एफ-१६च्या नाकावर गरगरणारा पंखा म्हणजे धोतरावर टाय. दिसायला टायही चांगला, धोतरही चांगले. फक्त दोघांची गाठ पडता कामा नये. आज ह्यावर इलाज आहे. मुठीत धरता येतील अशी खरीखुरी छोटी टर्बाइन इंजिने बाजारात मिळतात. पण १९७० आणि १९८०च्या दशकांत ती सोय नव्हती. मग ह्या छंदातल्या खटपट्या लोकांनी विमानाच्या पोटात एक नळी बसवली, नळीत पाचेक इंचांचा बऱ्याच पात्यांचा पंखा बसवला आणि पंख्याला जोडून एक दांडगे इंजिन. पुढून हवा आत, मागून हवा बाहेर. ह्याला म्हणतात डक्टेड फॅन. मी घरात त्याला 'नळीतला पंखा' म्हणतो. आमची ही 'पैसे वाहून नेणारी नळी' म्हणते.

गाण्यात असतात तशी ह्या पंख्यांचीही घराणी होती. आयोवा राज्यातल्या आयडा ग्रोव्ह नावाच्या चिमुकल्या गावात बायरन ओरिजिनल्सचे पंखे होत. फ्लोरिडाच्या बॉब व्हायोलेट यांचे घराणे वेगळे, टॉम कुक यांच्या डायनामॅक्सचे वेगळे. बॉब क्रेस हे तर ग्रमन कंपनीत खऱ्याखुऱ्या एफ-१४ लढाऊ विमानावर काम केलेले इंजिनिअर, आणि तरी हा माणूस मॉडेलसाठी चिमुकले पंखे करी. (आपल्याकडे एवढ्या हुद्द्याचा माणूस रिटायर झाल्यावर सोसायटीचा चेअरमन होतो.) साथीला इंजिने असत इटलीची रॉसी आणि पिको, जपानची ओ. एस. आणि अमेरिकेची के अँड बी. ओ. एस.चे मोठे इंजिन पंधरा सी.सी.चे, म्हणजे खोकल्याच्या औषधाचे तीन चमचे. तेवढ्या जागेतून ते चार अश्वशक्तींच्या वर ताकद काढते. पन्नास सी.सी.च्या आपल्या लुनाला हे कधी जमले नाही, आणि लुनावर तर अख्खे कुटुंब बसत असे.

मोठ्या कंपन्यांनी ही इंजिने करणे केव्हाच थांबवले. म्हणजे आता जी काही शिल्लक आहेत तेवढीच. आणि इथेच माझे भांडण सुरू होते.

हे भांडण बॅटरीवाल्यांशी नाही. आमच्या मैदानावर आता बहुतेक मंडळी बॅटरीवरचे पंखे उडवतात. बटण दाबले की 'सूंऽऽ', पुन्हा दाबले की बंद. हात तेलकट होत नाहीत, शेजारी पोलिसांना फोन करत नाहीत. सुखी माणसे आहेत. मिक्सर लावल्यासारखे विमान उडवतात आणि वेळेवर जेवायला घरी जातात. त्यांच्याशी मी कशाला भांडू? पाट्यावरच्या चटणीचा अभिमान असलेल्या माणसानेही मिक्सरवाल्याच्या घरी जेवायला जावे, अशा मताचा मी आहे.

माझे भांडण आहे शोकेसवाल्यांशी. हे लोक जुनी इंजिने विकत घेतात, कोऱ्या खोक्यासकट घेतात, आणि ती काचेच्या कपाटात ठेवून देतात. अशा एका गृहस्थांच्या घरी मी गेलो होतो. तळघरात चार कपाटे. आत दिवे. मखमलीवर ओळीने मांडलेली इंजिने. प्रत्येकाच्या मागे मूळ खोके, खोक्यात मूळ माहितीपत्रक, माहितीपत्रकाला मूळ घडी. गृहस्थ आवाज खाली आणून म्हणाले, "ह्यातलं एकही चालवलेलं नाही." हे संभाषण इंग्रजीत झाले, पण मला ते मराठीतच आठवते, कारण ज्या सुरात ते म्हणाले तो सूर मला ओळखीचा होता. "आमच्याकडच्या ह्या कपबशांत अजून कुणी चहा प्यालेलं नाही," असे सांगणाऱ्या पुष्कळ घरांत मी फुटक्या कपातून चहा प्यालो आहे.

"एक फिरवून बघू का?" मी विचारले.

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी जणू त्यांच्या सुनेचे वय विचारले होते.

शोकेसवाल्यांची बाजू मी नीट ऐकून घेतली आहे. त्यांचे मुद्दे चार आहेत, आणि चारही तपासून घेण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा : न चालवले की इंजिन नवे राहते. साफ चूक. आपल्याकडे ट्रंकेत वर्षानुवर्षे घडी घालून ठेवलेली पैठणी कुणी उघडून बघितली आहे का? ती घडीवरच चिरते. शहाण्या बायका म्हणून ती अधूनमधून काढतात, उन्हासावलीत फिरवतात आणि घडी बदलून ठेवतात. इंजिनाचे तेच. आतले जुने तेल सुकून त्याची वार्निशासारखी खळ होते. पिस्टन जागच्या जागी चिकटतो. बॉलबेअरिंगच्या पोलादी गोळ्यांवर दमट हवेने गंजाचे ठिपके पडतात. बाहेरून पाहावे तर लग्नातल्या समईसारखे लखलखीत, आणि आत संधिवात. आणि इंजिन शंभर टक्के कोरे असले पाहिजे असेही नाही. मागे कुणी तरी अर्धी टाकी इंधन जाळून तसेच खोक्यात घातले असेल, तर ते सगळ्यांत वाईट. ह्या इंजिनांचे इंधन मिथेनॉलचे. मिथेनॉल हवेतले पाणी ओढून घेते, आणि ते पाणी जाऊन बसते नेमके बेअरिंगमध्ये.

दुसरा मुद्दा : किंमत वाढते. वाढते ना! पण ती वाढवते कोण? माझ्यासारखे पांढऱ्या केसांचे लोक, ज्यांनी तरुणपणी हे इंजिन चालताना ऐकले आहे. ज्याने भीमसेन कधी ऐकलाच नाही तो त्यांच्या तंबोऱ्याला बोली लावायला येणार नाही. तुम्ही सगळी इंजिने मुकी करून ठेवलीत, तर पुढच्या पिढीला ती दाराचा अडसर म्हणूनही नको होतील. तेव्हा तुमचा भाव टिकवायचा असेल, तर आम्ही चालवणारे जगलो पाहिजे. खरे तर तुम्ही आम्हाला इंधनाचे पैसे द्यायला हवेत.

तिसरा मुद्दा : सुटे भाग मिळत नाहीत. हा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे लांबूनच सांभाळलेले बरे. बेअरिंग ठरावीक मापांची असतात, ती कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतात. ग्लो प्लग मिळतो. मिळत नाहीत ते पिस्टन आणि लायनर. म्हणजे त्यांची काळजी घेऊन चालवा, एवढाच त्याचा अर्थ. आजोबांचे दात पुन्हा यायचे नाहीत, म्हणून त्यांना जेवायला घालायचे नाही, हा कुठला न्याय?

चौथा मुद्दा : हा इतिहास आहे, तो जपला पाहिजे. मान्य! त्यासाठी इंडियाना राज्यात मन्सी गावी मॉडेल विमानांचे राष्ट्रीय म्युझियम आहे. चांगले म्युझियम आहे. तिथे माणसे आहेत, नोंदी आहेत, कुणालाही जाऊन बघता येते. ज्यांना इतिहास जपायचा आहे त्यांनी आपले इंजिन तिथे द्यावे. स्वतःच्या तळघरात, कुलपात, फक्त मेहुण्याला दाखवण्यासाठी जो जपला जातो तो इतिहास नव्हे. ती फिक्स डिपॉझिटची पावती.

ह्या चार मुद्द्यांपलीकडे पाचवा मुद्दा मी अजून ऐकलेला नाही.

आता कुणी म्हणेल, की तुम्ही एवढे बोलता तर जुने इंजिन घ्यावे कसे आणि चालवावे कसे, तेही सांगा. सांगतो. नुसती टीका करायला मी काही समीक्षक नाही.

जुनी इंजिने मिळतात ती छंदवाल्यांच्या जुन्या बाजारात. पुण्याचा जुना बाजार ज्याने पाहिला आहे त्याला हा बाजार परका वाटायचा नाही. टेबलावर चादर, चादरीवर भंगार, भंगाराच्या मागे तुमच्याकडे न बघणारा मालक. मात्र विकणाऱ्याची भाषा शिकून जावे लागते. ती आपल्या वधूवर सूचक मंडळांच्या जाहिरातींसारखी असते. 'फक्त दोन टाक्या चालवलेले' म्हणजे 'नाममात्र घटस्फोटित'. 'थोडी साफसफाई हवी' म्हणजे स्थळाला पत्रिकेत कडक मंगळ आहे. 'कॉम्प्रेशन उत्तम' असे लिहिले असेल तर खास सावध राहावे. वाळलेल्या तेलाने पिस्टन चिकटला असला, तरी कॉम्प्रेशन उत्तमच लागते.

इंजिन हातात आले की आधी स्क्रूंची डोकी बघावी. ती खाल्लेली असतील, तर आत कुणा हौशी माणसाचा पाना जाऊन आला आहे. मग मालकाची परवानगी घेऊन मागचे झाकण काढावे आणि आतले बेअरिंग बघावे. तांबूस दिसले तर किंमत निम्मी करून मागावी. झाकण काढू द्यायला मालक नाही म्हणाला, तर नमस्कार करून पुढच्या टेबलाकडे जावे. आणि एक गोष्ट जन्मात करू नये : अडलेले इंजिन जोर लावून फिरवू नये. ह्या इंजिनांच्या लायनरचे वरचे तोंड मुद्दामच किंचित अरुंद ठेवलेले असते. इंजिन तापले की पितळेचा लायनर फुगतो आणि पिस्टन मोकळा खेळतो. थंड असताना तो वरच्या टोकाला अडकणारच. हेअर ड्रायरसारख्या गरम हवेच्या यंत्राने आधी अंग शेकावे, मग हलक्या हाताने फिरवावे. थंडीत सकाळी सकाळी आजोबांना उठवायचेही तंत्र हेच आहे.

घरी आणल्यावर आतली तेलाची खळ काढायची. रबर आणि प्लॅस्टिकचे भाग वेगळे करायचे आणि उरलेले इंजिन मोटारीच्या रेडिएटरमधल्या अँटिफ्रीझमध्ये मंद आचेवर काही तास शिजवायचे. ह्यासाठी इथे मिळणारा, राजमा शिजवण्याचा विजेचा संथ कुकर उत्तम. पण ते द्रव विषारी असते. तो कुकर पुन्हा अन्नाला लावायचा नाही, आणि हा उद्योग घराबाहेर करायचा. माझा कुकर वेगळा आहे आणि गॅरेजच्या बाहेर असतो. त्यावर आमच्या हिने लाल अक्षरांत देवनागरीत 'विष' असे लिहून ठेवले आहे. बेअरिंग काढायला धड तापवावे लागते म्हणून एक छोटा ओव्हनही मी वेगळा आणला. ओव्हन आला त्या दिवशी ही म्हणाली, "अहो, तुमच्या इंजिनांचं स्वयंपाकघर माझ्यापेक्षा मोठं झालं. आता त्यांना वाढायलाही तुम्हीच बसा."

पुढचा भाग मात्र हसण्यावारी न्यायचा नाही. इंजिन जुने चालेल, पंखा जुना चालणार नाही. पाच इंचांचा पंखा बावीस हजार फेऱ्यांनी फिरला, की पात्याचे टोक ताशी पाचशे किलोमीटरच्या वर धावते. चाळीस वर्षांची प्लॅस्टिकची पाती ठिसूळ झालेली असतात. त्यातले एक सुटले तर ते नळीला जुमानत नाही, आणि तुमच्या कपाळालाही. पात्यात केसाएवढी चीर दिसली तरी पंखा कचऱ्यात. चीर दिसली नाही, पण वय माहीत नाही, तरीही कचऱ्यात. पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत कुणालाही उभे राहू द्यायचे नाही, डोळ्यांवर चष्मा हवा आणि शेजारी आग विझवायचे साधन. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसतच नाही. पँट पेटली आहे हे माणसाला डोळ्यांनी कळण्याआधी पायांना कळते. शोकेसवाले ह्या गोष्टींचे नाव काढून मला घाबरवू पाहतात. मी घाबरतोच. घाबरून नीट चालवतो.

आणि मग तो क्षण. इंधनात वीस टक्क्यांच्या आसपास तेल, आणि त्यात थोडे तरी एरंडेल. होय, एरंडेलच! आमच्या पिढीला रविवारी सकाळी नाक दाबून जे पाजले जाई, ते. इंजिन फार तापले की कारखान्यात बनवलेले तेल आधी हार मानते. एरंडेल शेवटपर्यंत धातूला चिकटून राहते. जगातल्या एरंडेलाचा सगळ्यांत मोठा वाटा भारतातून, त्यातही गुजरातेतून येतो. त्यामुळे ओहायोच्या मैदानावर जळक्या एरंडेलाचा तो गोडसर वास पसरला, की त्या अमेरिकन मंडळींना आपली जवानी आठवते आणि मला आमची आजी.

स्टार्टर लावला की आधी नुसती गुरगुर होते. भरपूर इंधन पीत, धूर ओकत, झोपमोड झालेल्या पाहुण्यासारखे ते इंजिन कुरकुरत राहते. मग नीडल, म्हणजे इंधनाचा नळ, एकेक दात आवळत न्यायचा. धूर पातळ होतो. आवाज चढत जातो, चढतो, अडखळतो, आणि एका बिंदूवर, एका दाताच्या अंतरात, धुराड्याच्या लांबीशी इंजिनाचा सूर जुळतो. जुळल्याबरोबर गुरगुरीची एकदम किंकाळी होते. पायाखालची जमीन झणझणते. तंबोरा जुळला की गवयाच्या चेहऱ्यावर जे येते, ते तेव्हा मैदानावरच्या म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर येते. पण इथे थांबून उपयोग नाही. नीडल पुन्हा किंचित सोडायची. विमान हवेत गेल्यावर पंख्यावरचा भार हलका होतो, फेऱ्या वाढतात आणि इंधन कमी पडते. जमिनीवर ज्याने शेवटचा सूर गाठला, त्याचे इंजिन आकाशात जळते. किती सोडायची? कुठल्याही माहितीपत्रकात हे धड लिहिलेले नाही. ते कानात असते.

आणि खरी गोष्ट ही आहे. आमच्या मैदानावर ऐंशीच्या पुढचे एक आजोबा आहेत. हात कापतात, रेडिओ आता दुसऱ्याच्या हातात देतात. पण कुणाचे जुने इंजिन सुरू झाले, की खुर्चीवरून न उठता, पाठ फिरवलेली असली तरी सांगतात, "अर्धा दात सोड." सोडला, की इंजिन सुधारते. हा अर्धा दात त्यांना कुणी शिकवला? दुसऱ्या कुणा म्हाताऱ्याने, मैदानावर, चालत्या इंजिनापाशी. तो अर्धा दात कपाटात ठेवता येत नाही, त्याला खोके नाही आणि लिलावात त्यावर बोलीही लागत नाही. इंजिने मुकी झाली, की ज्या दिवशी आजोबा जातील त्या दिवशी तो अर्धा दातही जाईल. मखमलीवरची इंजिने मग फक्त सुरेख ओतीव कामाचे तुकडे उरतील. त्यांचे काय करायचे असते, हे सांगायला कुणी नसेल.

आवाजाबद्दल लोक कुरकुरतात, हे मला माहीत आहे. त्यांचे चुकत नाही. म्हणून वस्तीपासून दूरचे मैदान हवे, दुपारची वेळ हवी, दिवसातून दोन उड्डाणे पुरेत. दिवसभर गाणारा गवई कुणालाच नको असतो.

तेव्हा शोकेसवाल्यांना माझे एवढेच सांगणे आहे. कपाटातले एक, फक्त एक इंजिन बाहेर काढा. शेका, शिजवा, बेअरिंग बदला, नवा पंखा लावा आणि मैदानावर घेऊन या. चालवून झाले की उरलेले इंधन जाळून टाका, आत चार थेंब तेल सोडा, आणि खुशाल पुन्हा मखमलीवर ठेवा. चालवायचे नसेलच, तर चालवणाऱ्याला द्या. विकत द्या, उसने द्या, पण द्या. भाव कमी होईल म्हणून घाबरू नका. खरचटलेल्या इंजिनाचाही भाव मी देईन. फक्त ते देताना घरी फोन करू नका. आमच्या हिला अजून पाचच माहीत आहेत.